डॉ. डु बॉइस यांचे विद्यार्थिजीवन

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ग्रेट बॅरिंग्टन नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे २३ फेब्रुवारी १८६८ रोजी विल्यम एडवर्ड बर्गहार्ट डु बॉइस यांचा जन्म झाला. काळ्या लोकांची गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम दोन वर्षे उलटली होती. मूल लहान असतानाच बाप घर सोडून गेला, तो परत आला नाही. आई मेरी दुसऱ्यांच्या घरी मोलकरणीचे काम करी. पुढे अर्धांगाचा झटका येऊन तीही अधू झाली. मुलगा गोऱ्यांच्या घरची लाकडे फोडी, कोळसा भरी, अंगणातले गवत कापी, वर्तमानपत्रे विकी आणि शाळेतही पुढे असे. आईने त्याची शाळा कधी थांबू दिली नाही.

१८८० च्या सुमारास तो हायस्कुलात गेला. तेथील मुख्याध्यापक फ्रँक होस्मर हे गोरे होते. या गृहस्थांनी एक गोष्ट केली, ती दिसायला अगदी लहान आहे. मुलाने कोणते विषय घ्यावेत असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी त्याला बीजगणित, भूमिती, लॅटिन आणि ग्रीक घ्यायला सांगितले. त्या काळी कॉलेजात जाणाऱ्या मुलांचे हे विषय होते. हार्वर्डसारख्या विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी याच विषयांतून होई. होस्मर यांनी त्याला शेतकी किंवा सुतारकाम शिकायला सांगितले असते तरी गावात कोणी हरकत घेतली नसती. काळ्या मुलाला तेच योग्य, असेच बहुतेकांना वाटले असते. म्हणजे विद्यापीठाचा दरवाजा उघडा राहणार की बंद होणार, हे मूल बारा-तेरा वर्षांचे असतानाच ठरून जाई, आणि घरच्यांना पुष्कळदा त्याचा पत्ताही नसे.

विषय घेतले, पण ग्रीकची पुस्तके महाग. आईच्या कमाईत ती येण्यासारखी नव्हती. अखेर गावातील एका गिरणीमालकाच्या पत्नीने ती घेऊन दिली. आपल्या वाचकांना येथे बाबासाहेबांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. अस्पृश्य म्हणून शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिले नाही, फार्शी घ्यावी लागली, आणि संस्कृतचे ज्ञान पुढे त्यांना स्वतःच्या कष्टाने मिळवावे लागले. शाळेच्या फॉर्मवर विषयापुढे केलेली खूण किती लांबवर जाऊन पोचते, हे आपल्यातील आईबापांनी मास्तरांना वेळीच विचारले पाहिजे. निकाल लागल्यावर विचारून उपयोग नसतो.

हार्वर्डचे नाव त्या मुलाच्या मनात शाळेतच बसले होते. ते त्याच्याच राज्यातले, अमेरिकेतील सर्वांत जुने विद्यापीठ. १८८४ साली तो हायस्कूल उत्तीर्ण झाला. त्या समारंभात तो गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या वेंडेल फिलिप्स यांच्यावर बोलला. वय सोळा. पण हार्वर्ड समोर दिसत असूनही तो तेथे गेला नाही. पैसा नव्हता, गावातल्या शाळेचा अभ्यास हार्वर्डच्या मापाला थोडा कमी पडत होता आणि घरी आई आजारी होती. काही महिन्यांतच आई वारली. गावात एका श्रीमंत बाईचा वाडा बांधला जात होता. तेथे मजुरांच्या वेळेची नोंद ठेवण्याचे काम त्याने दिवसाला एक डॉलर मजुरीवर केले.

याच काळात होस्मर आणि चर्चमधील काही मंडळींनी त्याच्यासाठी वर्गणी जमवली. चार चर्चनी वर्षाला प्रत्येकी पंचवीस डॉलर द्यायचे ठरले. मात्र हे पैसे हार्वर्डसाठी नव्हते. दक्षिणेत नॅशव्हिल येथे काळ्यांसाठी चालवलेल्या फिस्क कॉलेजासाठी होते. दक्षिण म्हणजे कालपर्यंतचा गुलामगिरीचा मुलूख. त्याच्या नातेवाइकांना ही गोष्ट मुळीच आवडली नाही, आणि त्यांचा राग अगदीच चुकीचा होता असे म्हणवत नाही. मदत करणारा बहुधा जागाही स्वतःच ठरवतो. तरुणाने मदत घेतली. हार्वर्ड मात्र सोडले नाही, पुढे ढकलले.

१८८५ साली तो फिस्कला पोचला. हायस्कुलातील पक्क्या तयारीमुळे त्याला एकदम दुसऱ्या वर्षात घेतले. होस्मर यांनी घ्यायला लावलेल्या त्या लॅटिन-ग्रीकने एक संपूर्ण वर्ष वाचवले. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो टेनेसीच्या खेड्यांत मास्तरकी करी. मका साठवण्याच्या ओंडक्यांच्या खोपीत शाळा भरे, तिला दारही नव्हते. आपला समाज किती मोठा आणि किती दरिद्री आहे हे त्याने तेथे पाहिले. ग्रेट बॅरिंग्टनमध्ये राहून ते त्याला कधी दिसले नसते. म्हणून फिस्कची ती तीन वर्षे वाया गेली असे कोणी समजू नये.

फिस्कचे शेवटचे वर्ष सुरू होताच, १८८७ च्या ऑक्टोबरात, त्यांनी हार्वर्डला पत्र लिहून प्रवेश व आर्थिक साहाय्य मागितले. पदवी हाती पडायला तेव्हा बरेच महिने बाकी होते. प्राध्यापकांची शिफारसपत्रेही पाठोपाठ गेली. १८८८ साली हार्वर्डने त्यांना घेतले, पण फिस्कची पदवी पुरी न मानता बी.ए.च्या तिसऱ्या वर्षात बसवले. दोन वर्षे मागे जाणे त्यांनी पत्करले आणि १८९० साली सन्मानपूर्वक दुसऱ्यांदा बी.ए. झाले. १८९१ साली एम.ए. झाले.

यापुढचे पाऊल युरोपचे. काळ्यांच्या शिक्षणासाठी असलेल्या स्लेटर फंडाचे प्रमुख माजी राष्ट्राध्यक्ष हेज हे होते. युरोपात पाठवण्याजोगा काळा तरुण आम्हाला सापडत नाही, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे वर्तमानपत्रात आले. डु बॉइस यांनी ताबडतोब अर्ज केला. नकार आला. त्यांनी पुन्हा लिहिले, यावेळी चांगलेच खडसावून. १८९२ साली ७५० डॉलर मंजूर झाले. निम्मे देणगी म्हणून, निम्मे कर्ज म्हणून. बडोद्याच्या शिष्यवृत्तीपायी संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार बाबासाहेबांना १९१३ साली लिहून द्यावा लागला होता, हे वाचकांना ठाऊक आहेच. त्याच वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले तेव्हा डु बॉइस त्याच शहरातून 'क्रायसिस' हे मासिक चालवीत होते. पुढे १९४६ साली, काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागण्यासाठी बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिले आणि डु बॉइस यांनी त्याला उत्तर दिले.

बर्लिनमध्ये दोन वर्षे त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला. तेथील डॉक्टरेटसाठी आणखी थोडा काळ राहणे आवश्यक होते. फंडाने पैसे वाढवून दिले नाहीत आणि १८९४ साली त्यांना परतावे लागले. पुढच्याच वर्षी हार्वर्डने त्यांना पीएच.डी. दिली, हार्वर्डची ही पदवी मिळवणारे ते पहिले काळे गृहस्थ. गुलामांच्या व्यापारावरील त्यांचा प्रबंध १८९६ साली पुस्तकरूपाने निघाला. बर्लिनची डॉक्टरेट राहून गेली होती, ती त्याच विद्यापीठाने १९५८ साली सन्मान म्हणून दिली. तेव्हा त्यांचे वय नव्वद वर्षांचे होते.