चढणीवरचा एकटा विजेता : फाउस्तो कोप्पी

१० जून १९४९ रोजी इटलीतील कुनेओ शहरातून सायकलपटूंचा जथा पिनेरोलोच्या दिशेने निघाला, तेव्हा 'जिरो द इटालिया' या शर्यतीतील अग्रस्थानाची गुलाबी जर्सी अदोल्फो लेओनीच्या अंगावर होती. त्या दिवशीचा टप्पा २५४ किलोमीटरचा होता आणि वाटेत आल्प्समधील पाच घाट होते : माद्दालेना, वार्स, इझोआर, मोंजनेव्र आणि सेस्त्रिएरे. पहिल्याच घाटात, अंतिम रेषा तब्बल १९२ किलोमीटर दूर असताना, फाउस्तो कोप्पी जथ्यातून निसटला आणि उरलेला सारा मार्ग त्याने एकट्याने कापला. दुसऱ्या क्रमांकावरील जिनो बार्ताली पिनेरोलोला पोहोचला तो ११ मिनिटे ५२ सेकंदांनी. तिसरा सायकलपटू यायला १९ मिनिटांहून अधिक काळ लागला. सुमारे चार हजार किलोमीटरच्या शर्यतीचा निकाल त्या एका दिवसात लागला.

अनेक टप्प्यांच्या सायकल शर्यतीत हे असे का घडते, हे समजून घेतल्याशिवाय कोप्पीचे मोठेपण कळत नाही. सपाट रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने जाताना सायकलपटूची बहुतेक शक्ती हवेचा रोध मोडण्यात खर्च होते. दुसऱ्याच्या पाठीमागे राहिले की हा भार सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांशाने हलका होतो. त्यामुळे पुढे निसटलेल्या एकट्याला मागचा जथा आळीपाळीने कष्ट वाटून घेत गाठतो आणि शंभरएक जण एकाच वेळी अंतिम रेषा ओलांडतात. तीव्र चढणीवर मात्र वेग निम्म्याहून खाली येतो. तेथे खरा प्रतिस्पर्धी असतो तो स्वतःच्या देहाचा भार. दुसऱ्याचा आडोसा फारसा उपयोगी पडत नाही आणि वजनाच्या मानाने शक्ती कोणाची अधिक, एवढाच प्रश्न उरतो. सपाटीवर सेकंदांनी मोजले जाणारे अंतर घाटात मिनिटांनी वाढते ते यामुळेच. तीन आठवड्यांच्या शर्यतीत डोंगराचे दिवस मोजकेच असतात. पण विजेता बहुधा तेच ठरवतात.

कोप्पीचा जन्म १५ सप्टेंबर १९१९ रोजी पिएमोंत प्रांतातील कास्तेल्लानिया या टेकडीवरच्या लहानशा खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. शाळा लवकर सुटली आणि नोवी लिगुरे या गावातील खाटकाच्या दुकानात तो पोऱ्या म्हणून काम करू लागला. माल पोहोचवण्यासाठी रोज सायकल दामटावी लागे. जहाजावर नोकरी करणाऱ्या त्याच्या काकाने दिलेल्या पैशांतून शर्यतीची सायकल आली. नोवी लिगुरेतच त्याला बियाज्यो काव्हान्ना हा मालिश करणारा गुरू भेटला. काव्हान्नाची दृष्टी गेली होती. पण हाताच्या स्पर्शाने तो सायकलपटूचे स्नायू पारखत असे. या किडकिडीत, लांब पायांच्या, नाजूक हाडांच्या मुलातले सामर्थ्य त्याने ओळखले.

१९४० मध्ये लेन्यानो संघाने कोप्पीला घेतले ते बार्तालीचा सहायक म्हणून. सहायकाचे काम आपल्या नायकासाठी झिजण्याचे. परंतु त्या वर्षीच्या जिरोमध्ये कुत्रा आडवा आल्याने बार्ताली पडला आणि मागे राहिला. फ्लोरेन्स ते मोदेना या टप्प्यात आबेतोनेच्या घाटात वीस वर्षांचा कोप्पी पुढे निघून गेला आणि त्याने गुलाबी जर्सी मिळवली. ९ जूनला तो विजेता म्हणून मिलानमध्ये दाखल झाला. दुसऱ्याच दिवशी, १० जून १९४० रोजी, इटली महायुद्धात उतरली.

ऐन उमेदीची वर्षे युद्धाने गिळली. नोव्हेंबर १९४२ मध्ये मिलानच्या विगोरेल्ली धावपट्टीवर एका तासात ४५.७९८ किलोमीटर अंतर कापून त्याने विश्वविक्रम केला खरा. पण त्यानंतर त्याला सैन्यात आफ्रिकेला जावे लागले. १९४३ मध्ये ट्युनिशियात तो ब्रिटिशांचा युद्धकैदी झाला. १९४५ मध्ये तो मायदेशी परतला तो पंचविशी गाठलेला, आणि जवळजवळ नव्याने सुरुवात करणारा सैनिक म्हणून.

पुढच्या आठ वर्षांत त्याने जे केले, त्याचा कणा घाटांचाच होता. १९४७ मध्ये त्याने दुसऱ्यांदा जिरो जिंकली. १९४८ मध्ये पोर्दोईच्या चढणीवर प्रेक्षकांनी फिओरेंत्सो माग्नीला ढकलून मदत केल्याचा आरोप झाला. माग्नीला अवघ्या दोन मिनिटांचा दंड झाल्याचे पाहून कोप्पीच्या बियांकी संघाने निषेध म्हणून शर्यत सोडली. जिथे प्रत्येकाने स्वतःच्या बळावर चढायचे, तिथेच फसवणूक झाली, हे त्यांना सहन झाले नाही.

१९४९ च्या 'टूर द फ्रान्स'मध्ये तर आरंभीच्या अपघातामुळे तो आघाडीवीराच्या ३६ मिनिटांहून अधिक मागे पडला आणि शर्यत सोडण्याच्या बेतात होता. संघाचे व्यवस्थापक आल्फ्रेदो बिंदा यांनी त्याची समजूत घातली. एवढी मोठी पिछाडी सपाट रस्त्यावर कधीही भरून निघाली नसती. आल्प्स आला आणि हिशेब बदलला. ब्रियांसोंच्या टप्प्यात तो आणि बार्ताली बरोबरच पोहोचले. तो बार्तालीचा पस्तिसावा वाढदिवस होता आणि कोप्पीने टप्प्याचे विजेतेपद त्याला मिळू दिले. दुसऱ्या दिवशी आओस्ताच्या वाटेवर बार्तालीला अपघाताने गाठले आणि कोप्पी एकटा पुढे गेला. एकाच वर्षी जिरो आणि टूर जिंकणारा तो इतिहासातील पहिला सायकलपटू ठरला.

परंतु त्याच्या वाट्याला आलेले आघातही तेवढेच मोठे होते. १९५० मध्ये जिरोत पडून त्याच्या कटीचे हाड मोडले. जून १९५१ मध्ये त्याचा धाकटा भाऊ आणि संघातील सहकारी सेर्से एका शर्यतीत पडला आणि त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. काही दिवसांतच कोप्पी टूरसाठी उभा राहिला. कार्कासोन ते माँपेलिए या टप्प्यात, जिथे नाव घेण्याजोगा एकही मोठा घाट नव्हता, तो उन्हाने आणि दुःखाने कोसळला. अर्ध्या तासाहून अधिक वेळ गमावून तो कसाबसा अंतिम रेषेपर्यंत पोहोचला. पुढे आल्प्समध्ये ब्रियांसोंचा टप्पा मात्र त्याने जिंकला.

१९५२ च्या टूरने शर्यतीची रचनाच बदलली. तोवर घाट चढून झाला की उतार आणि मग दरी येत असे, आणि चढणीवर गमावलेला वेळ उतरताना काही प्रमाणात भरून काढता येई. त्या वर्षी प्रथमच अंतिम रेषा डोंगरमाथ्यावर आखण्यात आली. ४ जुलै रोजी आल्प द्युएझच्या नागमोडी वळणांवर कोप्पीने जाँ रोबिकला मागे टाकले आणि टप्पा जिंकला. त्यानंतर सेस्त्रिएरे आणि प्युई द डोम येथेही माथ्यावर तोच पहिला पोहोचला. त्याची आघाडी इतकी वाढली की शर्यतीतील रस टिकावा म्हणून संयोजकांना दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस वाढवावे लागले. अखेरीस त्याने २८ मिनिटांहून अधिक फरकाने विजय मिळवला. माथ्यावरील अंतिम रेषेचे सामर्थ्य आणि तिचा धोका, दोन्ही एकाच वर्षी दिसून आले. योग्य जागी ठेवलेली चढण शर्यत रंगवते. पण एकच जण फार बलवान असेल, तर तीच चढण शर्यत संपवूनही टाकते. आल्प द्युएझ टूरमध्ये परतले ते १९७६ मध्ये.

१ जून १९५३ रोजी २,७५८ मीटर उंचीचा स्तेल्व्हियो घाट जिरोमध्ये पहिल्यांदाच आला. स्वित्झर्लंडचा ह्यूगो कोब्लेट जवळजवळ दोन मिनिटांनी पुढे होता. शर्यत संपायला एकच दिवस उरला होता. बर्फाच्या भिंतींमधून जाणाऱ्या त्या रस्त्यावर तेहतीस वर्षांच्या कोप्पीने कोब्लेटला गाठून मागे सोडले आणि आपली पाचवी व अखेरची जिरो जिंकली. त्याच वर्षी तो रस्त्यावरील शर्यतीचा विश्वविजेताही झाला.

उतार त्यानंतर सुरू झाला. जुलिया ओक्कीनी या विवाहित स्त्रीशी असलेल्या त्याच्या संबंधांवरून इटलीत गदारोळ उठला. तिथे घटस्फोटाचा कायदा आला तो १९७० मध्ये; त्या काळी व्यभिचार हा गुन्हा होता. १९५५ मध्ये दोघांवर खटला चालला आणि त्यांना शिक्षा झाली, ती स्थगित ठेवण्यात आली. खेळातही सारे निष्कलंक नव्हते. उत्तेजक गोळ्यांना तेव्हा बंदी नव्हती आणि आपण त्या घेतल्याचे कोप्पीने उघडपणे मान्य केले होते. त्याचे पराक्रम मोजताना ही नोंदही ठेवावी लागते.

डिसेंबर १९५९ मध्ये तो काही फ्रेंच सायकलपटूंसोबत अपर व्होल्टा, म्हणजे आजच्या बुर्किना फासो येथे, प्रदर्शनीय शर्यतीसाठी आणि शिकारीसाठी गेला. परतल्यावर त्याला व त्याचा मित्र राफाएल जेमिनियानीला ताप भरला. फ्रान्समध्ये जेमिनियानीच्या हिवतापाचे निदान झाले, क्विनाइन मिळाले आणि तो बचावला. इटलीत कोप्पीच्या तापाचे खरे कारण वेळीच ओळखले गेले नाही. २ जानेवारी १९६० रोजी तोर्तोना येथील रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. त्याचे वय अवघे चाळीस होते. इतके घाट पार करणारा माणूस उपचार उपलब्ध असलेल्या आजाराने गेला, ही चुटपुट इटलीला लागून राहिली.

१९६५ पासून जिरोच्या मार्गावरील सर्वांत उंच ठिकाणाला 'चिमा कोप्पी', म्हणजे कोप्पी शिखर, असे नाव दिले जाते आणि तेथे प्रथम पोहोचणाऱ्याला बक्षीस मिळते. मार्ग दरवर्षी बदलतो, त्यामुळे हे शिखरही बदलते. स्तेल्व्हियो मार्गात असला तर तो मान बहुधा त्यालाच मिळतो. जन्मशताब्दीच्या वर्षी, २०१९ मध्ये, त्याच्या गावाने आपल्या नावाला त्याचे नाव जोडले आणि ते 'कास्तेल्लानिया कोप्पी' झाले.