झिराडची लेक, कामा हॉस्पिटलची डॉक्टरीण

पनवेल सोडलं की चार-पाच किलोमीटरवर पळस्पे फाटा लागतो. तिथून एक रस्ता खंडाळ्याचा घाट चढून पुण्याला जातो, तर दुसरा पेणवरून कोकणात उतरतो. या फाट्यावर आपण कितीदा तरी एसटीची वाट बघत उभ्या राहिलो असू. आज ज्यांची गोष्ट सांगायची आहे त्या बाईंचं आडनाव या कोकणाच्या रस्त्यावरचं, शाळा पुण्याची आणि कर्तृत्व मुंबईचं! त्यांचं नाव डॉ. जेरुशा झिराड.

पेण-वडखळवरून अलिबागकडे वळलं, की पुढे मांडव्याच्या वाटेवर झिराड गाव आहे. तिथले म्हणून ते झिराड. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर ही आडनावंसुद्धा अशीच गावांवरून आलेली, आणि ही सगळी बेने इस्रायली मंडळी, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. शेकडो वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या, असं ही मंडळी पिढ्यान् पिढ्या सांगत आली. जवळ ना पोथी ना पुजारी. पण शनिवारी घाणा बंद ठेवायचा हे ते विसरले नाहीत, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं ‘शनिवार तेली’. बायका नऊवारी नेसल्या, मंगळसूत्र घालू लागल्या, घरात मराठी बोलू लागल्या. नवस फेडताना पोहे, गूळ, ओलं खोबरं नि फळं घालून मलिदा करू लागल्या. देव मात्र आपलाच ठेवला. पनवेलचं बेथ एल सिनेगॉग आपल्यापैकी काहीजणींनी बाहेरून तरी पाहिलं असेलच.

अशा या समाजात १८९०च्या सुमारास जेरुशाचा जन्म झाला, तोही कोकणापासून दूर, शिमोग्याला. घरची परिस्थिती बेताची होती. पोर मात्र भारी हुशार. पुण्याला मुलींच्या हायस्कुलात ती शिष्यवृत्तीवर शिकली. अकरा वर्षांची असताना घरात एक प्रसंग घडला. तिची बहीण खूप आजारी पडली आणि तिला मुंबईच्या कामा हॉस्पिटलात ठेवलं. पेस्तनजी कामांच्या देणगीतून उभं राहिलेलं, १८८६ साली सुरू झालेलं हे बायका-मुलांचं हॉस्पिटल. तिथे डॉक्टरसुद्धा बायकाच. तिथल्या प्रमुख डॉ. बेन्सन या इंग्रज बाईंनी बहिणीला बरं केलं. ते बघून या पोरीनं मनाशी ठरवलं, की आपण डॉक्टर व्हायचं, आणि एक दिवस याच हॉस्पिटलचं प्रमुख व्हायचं!

अकरा वर्षांच्या मुलीचं असलं बोलणं आपण हसण्यावारी नेतो, नाही का? पण जेरुशानं ते शेवटपर्यंत धरून ठेवलं. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९१२ साली ती डॉक्टर झाली. पुढची वाट मात्र अवघड होती. मोठ्या जागा विलायतेत शिकून आलेल्यांना मिळत, आणि विलायतेला जायचं तर पैसा कुठून आणायचा? काही दिवस स्वतःचा दवाखाना चालवला. मग टाटांच्या निधीतून कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१४ साली ती बोटीत बसली. नंतर सरकारची शिष्यवृत्तीही मिळाली. तोवर ती बाईमाणसाला देत नसत, ती मिळवणारी जेरुशा पहिली ठरली.

तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. त्या धामधुमीत लंडनच्या हॉस्पिटलांत काम करता करता शिक्षण चालू ठेवलं आणि १९१९ साली तिनं प्रसूतिशास्त्रात लंडनची एम.डी. मिळवली. परत आल्यावर दिल्ली, बंगळूर असं करत ती मुंबईला आली. १९२८ साली कामा हॉस्पिटलच्या प्रमुखपदी पहिल्यांदाच एक भारतीय स्त्री बसली. डॉ. जेरुशा झिराड! पुढे १९४७पर्यंत ती खुर्ची त्यांनी सांभाळली.

त्या काळी बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म असं म्हणत, ते काही उगाच नाही. अंगात रक्त नसायचं, सूतिकाज्वर व्हायचा, पायांवर सूज चढायची. बाई गेली की घरचे तिचं आयुष्यच तेवढं होतं म्हणायचे नि गप्प बसायचे. झिराडबाई गप्प बसल्या नाहीत. मुंबई शहरात बाळंतपणात बायका दगावतात त्या नेमक्या कशानं, याची त्यांनी रीतसर पाहणी केली. तिचा अहवाल १९४१ साली छापून आला. मरणाचं कारण कळलं तर पुढची बाई वाचवता येते, ही त्यामागची साधी गोष्ट. आज आपल्याकडे गरोदरपणी रक्त तपासतात, लोहाच्या गोळ्या देतात, त्यामागे अशा कितीतरी जणींची मेहनत आहे.

हॉस्पिटलात एवढं काम असताना त्यांनी आपल्या समाजाकडे पाठ फिरवली नाही. सिनेगॉगमध्ये रीत अशी की पुरुष खाली बसणार आणि बायका माडीवर किंवा वेगळ्या जागी. प्रार्थना हिब्रूत, तिचा अर्थ कित्येकींना कळायचा नाही. लंडनला असताना बाईंना ज्यू धर्मातल्या सुधारकांची ओळख झाली होती. मुंबईला आल्यावर १९२५ साली त्यांनी ‘ज्युइश रिलीजस युनियन’ उभी करण्यात पुढाकार घेतला. तिथे बायका-पुरुष शेजारी शेजारी बसून प्रार्थना करू लागले. जुन्या मंडळींना हे रुचलं नसणारच. पण धर्म सोडून जाण्यापेक्षा धर्मात राहून तो आपल्या लेकीबाळींना कळेल असा करावा, हा बाईंचा मार्ग होता. समाज लहान असला की तो दोन गोष्टींनी विरतो. दार घट्ट लावून घेतलं तरी, आणि सताड उघडं टाकलं तरी. झिराडबाईंनी दार किलकिलं ठेवलं.

पुढे १९४८ साली इस्रायल देश झाला आणि घरंच्या घरं तिकडे निघाली. कोकणातल्या कित्येक गावांत तेल्यांची आळी उरली, तेली उरले नाहीत. आज भारतात ही मंडळी काही हजारच आहेत. २०१६ साली महाराष्ट्रानं त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. झिराडबाई मात्र मुंबईतच राहिल्या. निवृत्तीनंतरही त्या थांबल्या नाहीत. डॉक्टर स्त्रियांच्या अखिल भारतीय संघटनेचं अध्यक्षपद त्यांनी दहा वर्षं सांभाळलं. १९६६ साली सरकारनं पद्मश्री देऊन त्यांचा मान केला. नव्वदी पार करून त्या गेल्या.

मैत्रिणींनो, पुढच्या खेपेला पळस्पे फाट्यावर एसटीची वाट बघाल, तेव्हा अलिबागच्या पाटीकडे जरा बघा. त्या रस्त्यावरच्या एका गावाचं नाव लावून एक बाई विलायतेपर्यंत जाऊन आली. शेजारी एखादी पोर उभी असेल, तर तिलाही ही गोष्ट सांगा. तिनं मोठेपणी काय होणार ते सांगितलं, तर तेवढं हसू नका.