वसईचा तह आणि चिमाजी आप्पा

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हीं उपनगरें ज्या साष्टी बेटावर वसलीं आहेत, तें सुमारें दोनशें वर्षें पोर्तुगीज राजाच्या अंमलाखालीं होतें. बोरिवलीस मंडपेश्वराच्या लेण्यावर त्या काळच्या ख्रिस्ती मठाचे भग्नावशेष अद्याप उभे आहेत. दुसऱ्याच्या देवस्थानावर मठ बांधून व त्याच्या उघड पूजाविधींस बंदी करून मनें पालटत नाहींत, ही गोष्ट त्या राज्यकर्त्यांस उमजली नाहीं. गांजलेल्या लोकांच्या वतीनें अंजूरकर नाईकांनीं पेशव्यांकडे दाद मागितली, आणि १७३७ सालीं बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधु चिमाजी आप्पा यांनीं साष्टीची मोहीम हातीं घेतली.

ठाणें लवकरच पडलें. वसईनें मात्र फार रक्त घेतलें. १७३९ च्या फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत वेढा चालला. सुरुंगांनीं तट फुटला, मराठ्यांचीं हजारों माणसें मेलीं व जखमी झालीं. किल्ल्यांतल्यांनीं मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली, तेव्हां त्या ख्रिस्ती शेजाऱ्यांनीं ख्रिस्तमंदिरांतील चांदीचीं पात्रें व पितळी तोफा गहाण घेऊन १५,००० रुपये कर्जाऊ दिले! अखेर किल्लेदारानें शरणागतीचें बोलणें लावलें.

वाचकहो, आतां शत्रु हातांत होता. लुटीचा हुकूम सुटता, तर त्या काळच्या रीतीप्रमाणें कोणी फारसें नांव ठेवलें नसतें. आप्पांनीं तह दिला: शिबंदीनें हत्यारांसह, वाद्यें वाजवीत बाहेर पडावें, रहिवाशांनीं आपली चीजवस्त न्यावी, जे ख्रिस्ती मागें राहतील त्यांनीं आपला धर्म पाळावा. नादिरशहा दिल्लींत शिरला होता, फौज उत्तरेकडे हवी होती, म्हणून ही उदारता सुचली, असें कोणी म्हणेल. निकड होती खरी. परंतु निकडीनें तह होतो. शत्रु दरवाजाबाहेर आल्यावर शब्द पाळावयास आणखी कांहीं लागतें. आप्पा आपल्या प्रभूस ओळखीत नव्हते. पौलानें रोमकरांस कळविलेलें, हृदयावर लिहिलेलें नियमशास्त्र तें हेंच असावें, असें मला वाटतें.

त्याच वर्षाच्या जुलैंत इंग्रजांनींही कॅप्टन इंचबर्ड यास पाठवून आप्पांशीं व्यापाराचा तह करून घेतला. आप्पांस पुढें फार आयुष्य लाभलें नाहीं. १७४० च्या एप्रिलांत बाजीराव वारले, डिसेंबरांत ते स्वतः.

सर्व कांहीं निर्मळ झालें, असें मात्र नाहीं. कित्येक ख्रिस्तमंदिरें ओस पडलीं. त्यांच्या घंटा उतरवून हिंदु देवळांत नेल्या, आणि भीमाशंकरास व मेणवलीस तशा घंटा आजही दिसतात. तरी गोरे पाद्री गेल्यावरही साष्टींतली उपासना बंद पडली नाहीं. फ्रेंच प्रवासी आंकतील द्युपेराँ १७६० सालीं इकडून गेला, तेव्हां देशी पाद्री ती चालवीत होते.