मयूरकवी मोरोपंत आणि अक्षरांची बंधने

मराठी पंडितकवींच्या मालिकेतील अग्रगण्य कवी मोरेश्वर रामजी पराडकर ऊर्फ मोरोपंत यांचा जन्म १७२९ मध्ये पन्हाळगडावर झाला. घराणे मूळचे कोकणातील सौंदळचे. गडावरच केशव व गणेश पाध्ये या बंधूंपाशी त्यांनी काव्यशास्त्राचे अध्ययन केले. तारुण्यात ते बारामतीस आले आणि पेशव्यांचे आप्त व नामांकित सावकार बाबूजी नाईक यांच्या आश्रयाने पुराणिक म्हणून स्थिरावले. पुढील आयुष्य पुराणकथन व काव्यलेखन यांतच गेले. समग्र महाभारत त्यांनी सुमारे १७,००० आर्यांत मराठीत आणले.

परंतु पंतांच्या प्रतिभेचा एक विलक्षण विलास त्यांच्या रामायणांत दिसतो. परंपरेनुसार ही रामायणे १०८. कथा एकच, प्रत्येक वेळी नियम मात्र निराळा. विद्युन्माला वृत्तातील रामायणात चरणाची आठही अक्षरे गुरू हवीत. मंत्ररामायणात त्रयोदशाक्षरी राममंत्राची अक्षरे गुंफलेली आहेत. निरोष्ठ रामायणात ओठांनी उच्चारावयाचा पवर्ग सर्वस्वी वर्ज्य.

हा नियम नुसत्या अक्षरांचा नाही. मकार गेला की राम हे नावच लिहिता येत नाही. लक्ष्मण, भरत, हनुमंत हेही त्याच वाटेने जातात. रामभक्ताने रामकथा सांगावी आणि रामनाम घेऊ नये, असा हा कठोर पण. नाव गाळायचे म्हणून गुण, कुल व नाते यांवरून त्या पुरुषाला ओळखावे लागते. न उच्चारलेले नाव वाचकाच्या ओठांवर मात्र सतत येत राहते.

ही वाट उज्जयिनीस अपरिचित नाही. अवंतीची राजकन्या जिच्यात येते त्या दंडीच्या दशकुमारचरितात मंत्रगुप्त आपली हकिकत निरोष्ठ वर्णांतच सांगतो. प्रियेच्या दंतक्षताने त्याचे ओठ दुखावलेले असतात. पॅरिसमध्ये १९६० साली स्थापन झालेल्या उलिपो या लेखकमंडळानेही असेच नियम स्वीकारले. त्यांतील ज्यॉर्ज पेरेक यांनी १९६९ मध्ये फ्रेंचमधील सर्वाधिक वापराचे ई हे अक्षर टाळून संपूर्ण कादंबरी लिहिली. माता व पिता यांचे फ्रेंच शब्द त्या अक्षरावाचून लिहिता येत नाहीत. आणि पेरेक यांचे वडील १९४० मध्ये रणांगणी पडले होते, तर १९४३ मध्ये आउश्वित्झला नेलेली आई परतली नव्हती. तेथे गाळलेले अक्षर शोकाचे, पंतांकडे ते उपासनेचे.

पंतांच्या या उद्योगास शब्दांची कसरत म्हणणारे टीकाकार झाले, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी निराधार नाही. कित्येक रामायणांत रसापेक्षा श्रमच अधिक जाणवतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत पंतांची बाजू हिरिरीने मांडली, तरी हा वाद पुरता मिटला नाही. त्याचे उत्तर शोधायचे तर केकावलीत. उतारवयात पृथ्वी वृत्तात रचलेल्या या श्लोकांत विद्वत्तेचा अभिमान गळून पडतो आणि वृद्ध भक्त देवापुढे आर्तपणे आपले गाऱ्हाणे मांडतो. तेथे शब्द अडत नाहीत, वृत्त जाचत नाही. आयुष्यभर स्वेच्छेने घातलेल्या बेड्यांनीच ही सहज चाल शिकविली होती.

१७९४ च्या चैत्री पौर्णिमेस पंतांनी देह ठेवला. ग्रंथालयाच्या कपाटात त्यांची रामायणे सहसा कोणी मागत नाही. केकावली वाचून झाल्यावर निरोष्ठ रामायण हाती घ्यावे, म्हणजे त्या मौनाचा अर्थ उलगडतो.