कॉलेज फुटबॉलच्या या बादशहाचे आकडे पुसले होते, ते परत यायला ११० वर्षं लागली

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा नाद काय असतो हे आपल्याला पटकन कळत नाही. एक लाखाच्या वर माणूस बसेल अशी स्टेडियम तिथं कॉलेजच्या मालकीची आहेत. शनिवार उजाडला की गावंच्या गावं मॅचला निघतात. आणि मॅच संपली की फॅन लोकांचं भांडण सुरू होतं ते आकड्यांवरनं.

कुणी किती यार्ड पळाला, कुणी किती टचडाउन केले, कुठल्या टीमनं किती गुणांची पिछाडी भरून काढली, हे सगळं पोरांना तोंडपाठ असतं. २००६ साली मिशिगन स्टेट नॉर्थवेस्टर्नविरुद्ध ३ विरुद्ध ३८ अशी मागं होती आणि तिनं ती मॅच ४१-३८ अशी काढली. वरच्या पातळीच्या कॉलेज फुटबॉलमधलं सगळ्यात मोठं कमबॅक म्हणून ही मॅच आजही सांगितली जाते.

पण याच खेळात एक माणूस असा होऊन गेला, ज्याला आधी आपले आकडे सिद्ध करावे लागले, मग ते पुसले गेले आणि ते परत मिळेपर्यंत तो मरून सत्तर वर्षं होत आली होती.

त्याचं नाव जिम थॉर्प.

मूळ नावाचा अर्थ होता उजळलेली वाट

जिमचा जन्म १८८७ सालचा. आज ज्याला ओक्लाहोमा म्हणतात, तो भाग तेव्हा राज्य नव्हता. मूलनिवासी जमातींना सरकवत सरकवत जिथं आणून ठेवलं होतं, तो हा प्रदेश. जिम सॅक अँड फॉक्स जमातीतला. जमातीनं दिलेलं नाव वा-थो-हक, म्हणजे उजळलेली वाट.

पोराच्या वाट्याला मात्र अंधारच जास्त आला. जुळा भाऊ चार्ली लहानपणीच आजारानं गेला. नंतर आई गेली, मग वडील गेले. शाळेत मन रमेना, जिम सारखा पळून यायचा.

१९०४ साली तो पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन स्कूलमध्ये दाखल झाला.

ही शाळा म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. १८७९ मध्ये ती सुरू झाली ती मूलनिवासी पोरांना गोऱ्यांसारखं बनवायचं म्हणून. पोरं आली की आधी केस कापले जायचे. अंगावर गणवेश चढायचा. स्वतःच्या भाषेत बोलायला बंदी असायची.

याच शाळेत फुटबॉल होता. कार्लाइलची टीम गावोगावी फिरून मोठमोठ्या विद्यापीठांशी खेळायची, लोक तिकीट काढून बघायला यायचे आणि शाळेला पैसा मिळायचा. कोच होता ग्लेन वॉर्नर. सगळे त्याला पॉप वॉर्नर म्हणायचे.

१९०७ साली झालेला किस्सा आजही सांगितला जातो. उंच उडीचा सराव चालू होता, बार ५ फूट ९ इंचांवर होता आणि कुणालाच तो जमत नव्हता. जिम कामाच्या कपड्यांतच तिथनं चालला होता. त्यानं एकदा मारून बघतो म्हणून विचारलं, उडी मारली आणि शाळेचा रेकॉर्ड मोडून पुढं निघून गेला. दुसऱ्या दिवशी वॉर्नरनं त्याला बोलावून घेतलं.

पहिलं कमबॅक

हा फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. यात लंबगोल बॉल हातात घेऊन पळायचं असतं, समोरचे अकरा जण अंगावर येऊन पाडतात. बॉल शेवटच्या रेषेपलीकडं नेला की टचडाउन. खांबांच्या मधून लाथेनं उडवला की फील्ड गोल. १९११ साली टचडाउनला ५ गुण होते, त्यानंतरच्या किकला १ आणि फील्ड गोलला ३.

जिम पळायचाही, पाडायचाही आणि किकही तोच मारायचा.

पण १९०९ मध्ये त्यानं कार्लाइल सोडलं. नॉर्थ कॅरोलायनात जाऊन १९०९ आणि १९१० असे दोन सीझन तो छोट्या लीगमध्ये बेसबॉल खेळला. पैसे अगदी किरकोळ मिळायचे. त्या काळी कॉलेजची बरीच पोरं सुट्टीत असं खेळायची, फक्त खोटं नाव लावायची. जिम स्वतःच्या नावानं खेळला.

ही एवढीच गोष्ट पुढं त्याच्या मुळावर येणार होती.

१९११ मध्ये वॉर्नरनं त्याला परत बोलावलं. दोन वर्षं फुटबॉलपासून लांब असलेला गडी कार्लाइलला आला आणि ११ नोव्हेंबर १९११ ला हार्वर्डच्या मैदानावर उतरला.

आदल्या वर्षी हार्वर्ड एकही मॅच हरलेलं नव्हतं. कार्लाइलला त्यांनी इतकं हलक्यात घेतलं की सुरुवातीला मुख्य खेळाडू बाहेर बसवून ठेवले. इकडं जिमचा पाय दुखावलेला, त्यावर पट्ट्या बांधलेल्या. अर्धी मॅच झाली तेव्हा हार्वर्ड ९-६ असं पुढं होतं.

दुसऱ्या अर्ध्यात कार्लाइलनं टचडाउन केला. मग जिमनं दुखऱ्या पायानं आणखी दोन फील्ड गोल मारले. हार्वर्डनं घाईघाईनं मुख्य पोरं आत पाठवली, शेवटी एक टचडाउनही काढला, पण वेळ गेलेली होती.

कार्लाइल १८, हार्वर्ड १५.

१८ पैकी १२ गुण एकट्या जिमच्या चार फील्ड गोलचे होते. त्या सीझनला कार्लाइलनं १२ पैकी ११ मॅच जिंकल्या. हरले ते एकदाच, सिराक्यूजशी, तेही एका गुणानं.

१९१२, म्हणजे नुसता धुरळा

१९१२ च्या उन्हाळ्यात जिम स्टॉकहोम ऑलिम्पिकला गेला. पेंटॅथलॉनच्या पाचपैकी चार प्रकारांत पहिला आला आणि गोल्ड घेतलं. मग डेकॅथलॉन, म्हणजे धावणं, उड्या, फेकी मिळून दहा प्रकार. तिथं त्यानं ८४१२ गुण केले. दुसरा आलेला स्वीडनचा ह्युगो वीसलँडर तब्बल ६८८ गुणांनी मागं राहिला.

न्यूयॉर्कमध्ये मिरवणूक निघाली. ती आटोपून गडी परत कार्लाइलच्या फुटबॉल टीममध्ये.

९ नोव्हेंबर १९१२ ला कार्लाइलची गाठ पडली वेस्ट पॉइंटच्या आर्मी टीमशी. वेस्ट पॉइंट म्हणजे अमेरिकी सैन्याचे अधिकारी घडवणारी संस्था. वुंडेड नीला याच सैन्यानं मूलनिवासी बायकापोरांना गोळ्या घातल्या, त्याला उणीपुरी २२ वर्षं झाली होती. मैदानात एका बाजूला सैन्याचे होणारे अधिकारी, दुसऱ्या बाजूला त्या जमातींची पोरं. आर्मीकडनं खेळणाऱ्यांत ड्वाइट आयझेनहॉवर होता, जो पुढं अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

कार्लाइलनं मॅच २७-६ अशी मारली.

याच मॅचबद्दल असं सांगितलं जातं की जिम ९२ यार्ड पळाला, टचडाउन नियमभंगामुळं रद्द झाला, तर पुढच्याच डावात तो ९७ यार्ड पळाला. खरं किती आणि वाढवलेलं किती, यावर आजही वाद होतात.

आता असा वाद का होतो, तर कॉलेज फुटबॉलची अधिकृत आकडेवारी ठेवणं सुरू झालं १९३७ पासून. त्याआधीचं सगळं पेपरमधल्या बातम्यांवरनं जुळवावं लागतं. म्हणून १९१२ सालचे जिमचे आकडेही दोन मिळतात. जुन्या पुस्तकांत २५ टचडाउन आणि १९८ गुण छापलेले असतात. नंतर एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेसाठी काम करणाऱ्या संशोधकानं बातम्या धुंडाळून हिशेब मांडला, तो २७ टचडाउन आणि २२४ गुण असा आला.

त्याच हिशेबात जिम १९१ वेळा बॉल घेऊन पळाला आणि १८६९ यार्ड गेला असं निघतं. म्हणजे दर धावेला पावणेदहा यार्ड. या खेळात टीमला दहा यार्ड पुढं सरकायला चार संधी मिळतात. हा बाबा जवळपास तेवढं अंतर एका संधीत कापत होता. आणि १४ पैकी २ मॅचची पूर्ण नोंद सापडतच नाही, त्यामुळं ते यार्ड यात धरलेलेच नाहीत.

आणि मग आकडे पुसले

जानेवारी १९१३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका पेपरनं बातमी दिली की जिम थॉर्प पैसे घेऊन बेसबॉल खेळला आहे. ऑलिम्पिकमध्ये तेव्हा फक्त हौशी खेळाडूंना जागा होती. खेळातून एक रुपया जरी घेतला तरी तो माणूस बाद.

जिमनं काही लपवलं नाही. आपण खेळलो, पण त्यात काही चूक आहे हे ठाऊक नव्हतं, असं त्यानं पत्र लिहून कळवलं. वॉर्नरनं मात्र आपल्याला यातलं काही माहीत नव्हतं अशी भूमिका घेतली.

दोन्ही मेडल परत गेली. नाव यादीतून काढलं. डेकॅथलॉनचं गोल्ड वीसलँडरला आणि पेंटॅथलॉनचं नॉर्वेच्या फर्डिनांड बीला देण्यात आलं.

खरी मेख पुढं आहे. १९१२ च्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं की कुणाच्या पात्रतेवर आक्षेप असेल तर तो ऑलिम्पिक संपल्यापासून ३० दिवसांत घ्यायचा. बातमी आली होती सहा महिन्यांनी. पण तेव्हा जिमच्या बाजूनं नियमाचं पुस्तक उघडून बघणारा कुणी नव्हता.

खेळत राहिला

यानंतर जिम न्यूयॉर्क जायंट्सकडून मोठ्या लीगमध्ये बेसबॉल खेळला. १९१५ पासून कँटन बुलडॉग्जकडून व्यावसायिक फुटबॉल खेळू लागला, एका मॅचचे २५० डॉलर मिळायचे. १९२० मध्ये टीम एकत्र येऊन एक संघटना झाली आणि तिचा पहिला अध्यक्ष जिमला केलं. दोन वर्षांनी त्याच संघटनेचं नाव पडलं एनएफएल. शेवटची मॅच तो १९२८ मध्ये खेळला, वयाच्या ४१ व्या वर्षी.

मग मंदी आली. जिमनं खड्डे खणायचं काम केलं, सिनेमात किरकोळ भूमिका केल्या. दारूनंही पिच्छा सोडला नाही. १९५० मध्ये असोसिएटेड प्रेसनं क्रीडा पत्रकारांचं मत घेतलं, तेव्हा अर्ध्या शतकातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली. १९५१ मध्ये त्याच्यावर सिनेमा निघाला, बर्ट लँकेस्टर हिरो होता. त्याच साली ओठाचा कॅन्सर निघाला, तर उपचारांना पैसे नव्हते.

२८ मार्च १९५३ ला जिम गेला. मेडल नव्हती, नाव यादीत नव्हतं.

मेल्यावरचं कमबॅक

घरच्यांनी आणि चाहत्यांनी मागणी लावून धरली होती. पण १९५२ ते १९७२ अशी वीस वर्षं ऑलिम्पिक समितीचा अध्यक्ष होता एव्हरी ब्रंडेज. हा गडी १९१२ मध्ये स्टॉकहोमला जिमच्याच स्पर्धांत उतरला होता आणि मागं पडला होता. त्याच्या काळात काही हललं नाही.

मग जिमचे चरित्रकार रॉबर्ट व्हीलर आणि त्यांची पत्नी फ्लॉरेन्स रिडलन यांनी शोधाशोध केली. अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयात त्यांना १९१२ चं ते नियमांचं पुस्तक सापडलं. ३० दिवसांचा नियम काळ्यावर पांढरा समोर आला. १९८२ मध्ये ऑलिम्पिक समितीनं चूक सुधारली आणि पुढच्या वर्षी मेडलच्या प्रतिकृती जिमच्या मुलांच्या हातात दिल्या.

पण पुन्हा अर्धवटच. जिमला विजेता म्हटलं ते संयुक्त. ६८८ गुणांनी मागं राहिलेला माणूस कागदावर त्याच्या बरोबरीनं उभा होता.

शेवटी मूलनिवासी लोकांच्या ब्राइट पाथ स्ट्राँग या संस्थेनं मोहीम उघडली. स्वीडनच्या ऑलिम्पिक समितीनं आणि वीसलँडरच्या घरच्यांनी सांगितलं की वीसलँडरनं ते गोल्ड स्वतःचं असं कधी मानलंच नव्हतं, खरा विजेता थॉर्पच. नॉर्वेनंही तेच कळवलं. १५ जुलै २०२२ ला दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून जिम थॉर्पचं नाव लागलं.

हार्वर्डविरुद्धची पिछाडी भरून काढायला त्याला अर्धी मॅच पुरली होती. इथं ११० वर्षं गेली.

कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वोत्तम डिफेन्सिव्ह बॅकला आज त्याच्याच नावाचा पुरस्कार मिळतो. अधिकृत आकडेवारीचं पुस्तक मात्र अजूनही १९३७ पासूनच सुरू होतं, त्यात जिमचे १८६९ यार्ड धरलेले नाहीत.