रेडिओची खरखर घालवणारे आर्मस्ट्राँग

मिरगाच्या पावसात वीज चमकली की जुन्या रेडिओवर बातम्यांऐवजी खरखरच ऐकू यायची. घरात मिक्सर सुरू केला तरी तेच. आज एफएमवर गाणी स्वच्छ लागतात, ती एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग या अमेरिकन इंजिनिअरमुळे. मात्र या शोधाचं सुख त्यांना स्वतःला लाभलं नाही.

१८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा जन्म झाला. कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच, १९१२ मध्ये त्यांनी दुबळा सिग्नल कित्येक पटींनी वाढवणारं सर्किट तयार केलं. १९१८ मध्ये पॅरिसला लष्करी सेवेत असताना सुपरहेटरोडाइन रिसीव्हर शोधला. त्यामुळे शेजारच्या स्टेशनांच्या गर्दीतून हवं ते स्टेशन नेमकं पकडता येऊ लागलं.

खरखर मात्र हटेना. वीज कडाडली किंवा मोटरची ठिणगी उडाली, की रेडिओलहरीची उंची कमी-जास्त होते. एएममध्ये आवाजही त्या उंचीतच भरलेला असतो. मग रेडिओ दोन्ही वेगळे कसे करणार? आर्मस्ट्राँग यांनी आवाज फ्रिक्वेन्सीच्या बदलात भरला आणि उंचीतला चढउतार रिसीव्हरमधल्या लिमिटरने छाटून टाकला. पट्टा अरुंद ठेवला तरच खरखर कमी होते, असं तज्ज्ञ मानत. त्यांनी उलट रुंद पट्टा घेतला. २६ डिसेंबर १९३३ रोजी पेटंट मिळाली.

एम्पायर स्टेट बिल्डिंगवरच्या चाचण्या यशस्वी झाल्या. पण आरसीए कंपनीला टीव्ही आणायचा होता. १९३५ मध्ये आर्मस्ट्राँग यांना तिथून यंत्रं हलवायला सांगण्यात आलं. कंपनीचे प्रमुख डेव्हिड सार्नॉफ त्यांचे जुने मित्र. पत्नी मॅरियन एकेकाळी त्यांच्याच सेक्रेटरी होत्या. आर्मस्ट्राँग यांनी पदरच्या पैशाने न्यू जर्सीत अल्पाइन इथे टॉवर उभारला.

१९४५ मध्ये सरकारी आयोगाने एफएमचा पट्टा बदलून ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर नेला. कारण दिलं तेही सिग्नलच्या व्यत्ययाचंच! लोकांच्या घरातले जुने सेट एका निर्णयाने निकामी ठरले. १९४८ मध्ये त्यांनी आरसीएवर पेटंटचा दावा लावला. तारखांवर तारखा पडत गेल्या, पैसा आणि उमेद दोन्ही संपली. ३१ जानेवारी १९५४ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

मॅरियन यांनी मात्र लढा सोडला नाही. आरसीएने त्याच वर्षी तडजोड केली. इतर कंपन्यांविरुद्धचा शेवटचा दावा १९६७ मध्ये जिंकला, तेव्हा आर्मस्ट्राँग यांना जाऊन १३ वर्षं झाली होती.