हेन्री स्पायरा : मुक्या जिवांचा कैवारी शिक्षक

ज्या समाजाला जनावरांनाही खुले असलेले पाणवठे शतकानुशतके बंद होते, त्या समाजाने सशा-उंदरांच्या दुःखाचा विचार का करावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आम्हांसही तो पडला. त्याचे उत्तर न्यूयॉर्कमधील एका शिक्षकाच्या चरित्रात आम्हांस सापडले.

हेन्री स्पायरा यांचा जन्म १९२७ साली बेल्जियममधील अँटवर्प येथे एका ज्यू कुटुंबात झाला. नाझींच्या छळाच्या काळात हे कुटुंब युरोप सोडून पनामामार्गे १९४० मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. तरुणपणी स्पायरा व्यापारी जहाजांवर खलाशी व मोटार कारखान्यात कामगार होते. खलाशांच्या संघटनेतील भ्रष्ट नेतृत्वाविरुद्ध ते लढले. १९५६ मध्ये अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांनी वर्णभेदी बससेवेवर बहिष्कार घातला, तेव्हा त्या लढ्याचे वृत्तांत त्यांनी लिहिले. १९६६ पासून ते मॅनहॅटनमधील हारेन हायस्कूलमध्ये शिकवू लागले. तेथील बहुतेक विद्यार्थी गरीब वस्त्यांमधील होते.

१९७४ मध्ये तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांच्या वर्गात ते विद्यार्थी म्हणून बसले. दुर्बलांची बाजू घ्यायची, तर मुळीच दाद मागू न शकणारे प्राणी त्यातून वगळता येणार नाहीत, हा विचार त्यांना पटला. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयासमोर त्यांनी निदर्शने सुरू केली. तेथे मांजरांना विकलांग करून त्यांच्या लैंगिक वर्तनाचा अभ्यास अनेक वर्षे चालला होता. पुढल्याच वर्षी तो बंद झाला.

त्यानंतर त्यांनी ड्रेझ चाचणीकडे लक्ष वळविले. १९४४ पासून प्रचलित असलेल्या या चाचणीत सशांची मान अडकवून त्यांच्या डोळ्यांत रसायने घालीत. कित्येकांचे डोळे व्रणांनी निकामी होत. स्पायरा यांनी शेकडो संघटनांची आघाडी उभारली. रेव्हलॉन या प्रसाधन कंपनीशी त्यांनी प्रथम पत्रव्यवहार केला. त्याचा उपयोग न झाल्याने एप्रिल १९८० मध्ये वृत्तपत्रात पानभर जाहिरात दिली. वर्ष संपण्यापूर्वी कंपनीने पर्यायी चाचण्यांच्या संशोधनासाठी रॉकफेलर विद्यापीठास साडेसात लाख डॉलर जाहीर केले. इतर कंपन्यांनीही तोच मार्ग धरला.

औषध कंपन्यांत रूढ असलेली एलडी-५० चाचणी हे त्यांचे पुढचे लक्ष्य होते. एखाद्या पदार्थाच्या किती मात्रेने निम्मे प्राणी मरतात, हे ठरविण्यासाठी डझनावारी प्राण्यांना विषबाधा करण्यात येई. ही प्रमाणित पद्धत ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००२ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांतून वगळली. ते पाहण्यास स्पायरा हयात नव्हते. १२ सप्टेंबर १९९८ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. भारतात प्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास २०१४ मध्ये बंदी आली, पण औषधांसाठी जगभर प्राणी आजही वापरले जातात.

पशुप्रेमाचे नाव घेऊन माणसास हीन लेखणारे लोक आम्ही पाहिले आहेत. स्पायरा त्यांपैकी नव्हते. कामगार, कृष्णवर्णीय आणि प्राणी यांच्यासाठी लढताना त्यांनी एकाचे दुःख दुसऱ्याच्या दुःखाविरुद्ध कधी वापरले नाही. प्रतिपक्षाचा निव्वळ धिक्कार न करता त्यास दुसरा मार्ग दाखवावा, लहान परंतु निश्चित मागणी करावी व ती पदरात पडेपर्यंत चिकाटी सोडू नये, ही त्यांची रीत होती. या शाळेतून शिकून बाहेर पडलेले आपले विद्यार्थी आज प्रयोगशाळांत व औषधनिर्मितीच्या क्षेत्रातही कार्य करीत असतील. त्यांनी हे चरित्र अवश्य ध्यानी ठेवावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.